अचूकतेचा उपासक : हेन्री मॉडस्ले

सायकलचा एखादा नट वाटेत गळून पडला, तर कोणी फारशी चिंता करीत नाही. जवळच्या दुकानात जावे, त्याच मापाचा दुसरा नट मागावा, तो बोल्टवर फिरवून घट्ट करावा, की काम झाले. नट एका गावी तयार झालेला असतो, बोल्ट दुसऱ्या गावी. ते तयार करणाऱ्या माणसांनी एकमेकांना कधी पाहिलेलेही नसते. तरीही ते एकमेकांत असे बसतात, की जणू एकाच हाताने ते घडविले असावेत.

सव्वादोनशे वर्षांपूर्वी अशी स्थिती नव्हती. कारागीर प्रत्येक बोल्ट आणि प्रत्येक नट वेगळा घडवीत असे. एका बोल्टचा नट दुसऱ्या बोल्टला चालत नसे. यंत्र दुरुस्तीसाठी उघडले, की कोणता नट कोणत्या बोल्टचा हे ओळखण्यासाठी खुणा करून ठेवाव्या लागत. खुणांत घोटाळा झाला, की सारेच काम खोळंबे. यंत्रविद्येला या गोंधळातून बाहेर काढून तिला अचूकतेची शिस्त ज्यांनी लावली, त्या कारागिरांत हेन्री मॉडस्ले याचे नाव अग्रभागी घेतले जाते.

हेन्रीचा जन्म 22 ऑगस्ट 1771 रोजी इंग्लंडमधील वूलिच या गावी झाला. थेम्स नदीच्या काठी, लंडनपासून जवळच हे गाव वसलेले होते. तेथे सरकारचे मोठे शस्त्रागार होते. तोफा, गाड्या, दारूगोळा अशा सर्व युद्धसाहित्याची तयारी तेथे चाले. हेन्रीचे वडील मूळचे गाड्यांची चाके बनविणारे सुतार. पुढे ते सैन्यात गेले आणि जखमी झाल्यावर वूलिचच्या शस्त्रागारात भांडारावर काम करू लागले. हेन्री लहान असतानाच त्यांचा मृत्यू झाला. घरची स्थिती बेताची होती. त्यामुळे वयाच्या बाराव्या वर्षीच हेन्रीला त्या शस्त्रागारात नोकरी धरावी लागली. बंदुकीच्या काडतुसांत दारू भरणे हे त्याचे पहिले काम. ज्या वयात मुले पाटी-पुस्तक घेऊन शाळेत जातात, त्या वयात हा मुलगा दिवसभर दारूच्या काळ्या भुकटीत हात घालून बसे.

दोन वर्षांनी त्याला सुतारशाळेत घेण्यात आले. परंतु लाकडात त्याचे मन रमेना. शेजारीच लोहारशाळा होती. भात्याची फुंकर, लाल झालेले लोखंड, ऐरणीवर पडणारे घणाचे घाव आणि उडणाऱ्या ठिणग्या यांकडे त्याचे डोळे सारखे वळत. संधी मिळाली, की तो तेथे जाऊन उभा राही. त्याची ही ओढ पाहून वयाच्या पंधराव्या वर्षी त्याला लोहारशाळेत पाठविण्यात आले. तेथे मात्र तो पाहता पाहता तरबेज झाला. कानशीने लोखंड घासून सपाट करावे, तर ते हेन्रीनेच, असे जुने लोहारही मानू लागले.

त्याच सुमारास लंडनमध्ये जोसेफ ब्रामा नावाचा एक कल्पक यंत्रशिल्पी राहत असे. त्याने 1784 साली नव्या प्रकारच्या कुलपाचे एकाधिकारपत्र मिळविले होते. हे कुलूप चोराला फोडता येणार नाही अशी त्याची खात्री होती. परंतु एक मोठी अडचण होती. कुलपाच्या आतील भाग अतिशय बारीक आणि नाजूक होते. हाताने ते नेमके घडविण्यास फार वेळ लागे, आणि एवढे करूनही एखादा भाग किंचित चुकला, की कुलूप चालत नसे. ब्रामा चांगल्या कारागिराच्या शोधात असता कोणी तरी त्याला वूलिचच्या या तरुणाचे नाव सुचविले.

हेन्री ब्रामाच्या कारखान्यात गेला तेव्हा तो अवघा अठरा वर्षांचा होता. त्याकाळी सात वर्षे उमेदवारी केल्याशिवाय कोणाला पक्का कारागीर म्हणून कामावर घेत नसत. हेन्रीपाशी उमेदवारीचा असा काहीच दाखला नव्हता. याविषयी एक आख्यायिका सांगतात. कारखान्यातील एका बाकावर एक जुना शेगडा पडलेला होता. शेगडा म्हणजे काम करताना वस्तू घट्ट धरून ठेवण्याचे साधन. त्याचे जबडे पार झिजून गेले होते. हेन्रीने त्याकडे बोट दाखविले आणि सायंकाळपर्यंत तो नव्यासारखा करून दिला तर आपणास कामावर घ्यावे, असे सुचविले. मग कोट काढून तो कामाला लागला. सायंकाळी कारखाना सुटण्यापूर्वी शेगड्याला नवे पोलादी जबडे बसलेले होते आणि ते घासूनपुसून लखलखत होते. दाखल्याचा प्रश्न पुन्हा कोणी काढला नाही.

ब्रामाच्या कारखान्यात हेन्रीला एक गोष्ट लवकरच उमगली. माणसाचा हात कितीही कुशल असला, तरी तो थकतो. सकाळी केलेले काम आणि सायंकाळी केलेले काम सारखे होत नाही. मग तोच भाग शंभर वेळा एकसारखा हवा असेल, तर तो हाताने न करता यंत्राने करावा हे उत्तम. त्याने कुलपाचे भाग कापण्यासाठी व खाचा पाडण्यासाठी वेगवेगळी यंत्रे बनविली. आता कुलपे नेमकी होऊ लागली. ब्रामाने असे एक कुलूप आपल्या दुकानाच्या खिडकीत मांडले आणि किल्लीवाचून ते उघडणाऱ्यास दोनशे गिनींचे बक्षीस लावले. ते कुलूप 1851 सालापर्यंत कोणालाही उघडता आले नाही. त्या वर्षी हॉब्ज नावाच्या एका अमेरिकन कुलूपतज्ज्ञाने ते उघडले खरे, पण त्यालाही त्यासाठी सोळा दिवसांत मिळून सुमारे पन्नास तास खपावे लागले.

ब्रामाने 1795 साली पाण्याच्या दाबावर चालणारे एक प्रचंड शक्तीचे यंत्र शोधून काढले. पण त्या यंत्रात दट्ट्याच्या कडेने पाणी गळे. गळती थांबविण्यासाठी भोवती घट्ट बूच बसविले, तर दट्ट्याच अडकून राही. हेन्रीने चामड्याचे वाटीसारखे एक कडे तयार करून त्याची पोकळ बाजू पाण्याकडे ठेवली. आत पाण्याचा दाब वाढला, की त्या दाबानेच चामड्याच्या कडा दट्ट्यावर घट्ट बसत. दाब उतरला, की त्या सैल पडत. गळतीला कारण होणारा दाबच गळती थांबविण्याच्या कामी लावण्याची ही युक्ती त्याच्या समकालीनांना फार मोलाची वाटली.

हेन्री आता कारखान्याचा मुख्य कारागीर झाला होता. त्याचे लग्न झाले होते. ब्रामाच्या घरी काम करणारी सॅरा नावाची मुलगी त्याची पत्नी झाली होती. संसार वाढत होता, परंतु वेतन आठवड्याला तीस शिलिंगच होते, म्हणजे अवघा दीड पौंड. आठ वर्षे इमानाने काम केल्यावर त्याने वेतन वाढवून मागितले. ब्रामाने ते साफ नाकारले.

हा हेन्रीच्या आयुष्यातील कसोटीचा प्रसंग होता. नोकरी सोडावी, तर पदरी भांडवल नाही. न सोडावी, तर कौशल्याला मोल नाही. पत्नी आणि लहान मुले त्याच्यावर अवलंबून होती. पुष्कळ विचार करून 1797 साली त्याने नोकरी सोडली आणि लंडनमधील वेल्स स्ट्रीट या गल्लीत एक लहानशी जागा घेऊन स्वतःचा कारखाना थाटला. कारखाना म्हणजे भट्टी, ऐरण आणि थोडी हत्यारे! पहिले गिऱ्हाईक होते एक चित्रकार. त्याला चित्र टेकविण्यासाठी लोखंडी घोडी हवी होती. काम लहान होते, पण हेन्रीने ते इतके सुबक करून दिले, की एका कामातून दुसरे काम मिळत गेले.

याच काळात त्याने ज्या यंत्रावर सर्वांत अधिक परिश्रम घेतले, ते यंत्र म्हणजे लेथ, म्हणजेच चरक. कुंभाराच्या चाकावर जसा मातीचा गोळा फिरतो, तसा लेथवर लाकडाचा किंवा धातूचा तुकडा आडवा फिरत राहतो. त्याला धारदार हत्यार लावले, की तो गोल कातला जातो. लेथ जुनाच होता, पण त्यावर काम करणारा कातारी हत्यार आपल्या हातांनी दाबून धरीत असे. लाकडाचे ठीक होते. लोखंड कातताना हात थरथरे, हत्यार सरके आणि काम ओबडधोबड होई.

हेन्रीने कातारीच्या हातातील हत्यार काढून ते एका लोखंडी पकडीत घट्ट बसविले. ही पकड सपाट लोखंडी पट्ट्यांवरून सरळ रेषेत सरके. स्क्रू फिरवून ती पुढेमागे घेता येई. आता हत्याराला थरथर नव्हती. कातारीने फक्त हँडल फिरवावे आणि हत्याराने ठरलेल्या मार्गाने जावे. सरकणाऱ्या पकडीची कल्पना त्यापूर्वीही काही कारागिरांना सुचली होती. आटे पाडणारे लेथही पूर्वी कोणी कोणी केले होते. पण त्या साऱ्या कल्पना एकत्र आणून, यंत्राचा सांगाडा लाकडाऐवजी लोखंडाचा करून आणि प्रत्येक भाग काटेकोर बनवून रोजच्या कामाला उपयोगी असा लेथ 1800 सालच्या सुमारास सिद्ध केला, तो मॉडस्लेने.

त्याच्या लेथवर स्क्रूचे आटे पाडता येत. एक लांब स्क्रू फिरत असे व तो हत्याराला ठराविक वेगाने पुढे नेई. दातेरी चाके बदलली, की आट्यांतील अंतर हवे तसे कमीअधिक करता येई. परंतु येथे एक पेच होता. अचूक स्क्रू पाडण्यासाठी लेथमध्ये आधी एक अचूक स्क्रू असावा लागतो. मग तो पहिला स्क्रू आणावा कोठून? मॉडस्लेने फिरणाऱ्या गुळगुळीत दांड्यावर एक धारदार पाते नेमक्या कोनात तिरपे टेकविले. दांडा फिरू लागताच पाते त्यावर नागमोडी रेघ कोरीत आपोआप पुढे सरकत गेले. त्या रेघेवरून त्याने पहिला स्क्रू तयार केला. तो तपासला, त्यातील चुका शोधल्या, त्या सुधारून दुसरा केला, दुसऱ्यावरून तिसरा. अशा रीतीने पायरी पायरीने तो अचूकतेकडे गेला. पुढे त्याने पाच फूट लांबीचा असा एक स्क्रू बनविला, की ज्याच्या एका इंचात पन्नास आटे होते. शास्त्रीय उपकरणांवरील मोजमापाच्या बारीक खुणा आखण्यास तो उपयोगी पडे.

असाच एक उत्तम स्क्रू त्याने दुकानाच्या खिडकीत मांडला होता. त्यामुळे त्याची कीर्ती मार्क ब्रुनेल या फ्रान्समधून आलेल्या यंत्रशिल्पीच्या कानी गेली. त्या वेळी इंग्लंडचे फ्रान्सशी युद्ध चालू होते. इंग्लंडच्या शिडांच्या युद्धनौकांना कप्प्या फार लागत. शिडे चढविताना आणि उतरविताना दोर ज्यांवरून ओढतात, त्या या लाकडी कप्प्या. एका मोठ्या युद्धनौकेला सुमारे हजार कप्प्या लागत आणि आरमाराची वर्षाची गरज होती एक लाखाच्या घरात. त्या सर्व हाताने बनवाव्या लागत. यंत्रांनी कप्प्या बनविण्याची योजना ब्रुनेलने आखली होती. असे सांगतात, की प्रथम भेटीत आपला हेतू न सांगता त्याने काही आकृत्या मॉडस्लेपुढे ठेवल्या. दोन-तीन भेटींतच मॉडस्लेने ओळखले, की ही कप्प्या बनविण्याची यंत्रे आहेत. ब्रुनेलला हवा होता तो माणूस मिळाला.

1802 सालापासून पुढे सुमारे सहा वर्षे मॉडस्ले या कामी गुंतला होता. त्याने चाळीसहून अधिक यंत्रे घडविली. ती पोर्ट्समथ येथील सरकारी गोदीत बसविण्यात आली. एका यंत्राने लाकूड कापावे, दुसऱ्याने भोक पाडावे, तिसऱ्याने खाच घ्यावी, चौथ्याने आकार द्यावा, असे ओळीने काम चाले. 1808 साली त्या यंत्रांवर 1,30,000 कप्प्या तयार झाल्या. ज्या कामाला पूर्वी 110 कसबी कारागीर लागत, ते आता दहा साध्या मजुरांनी होऊ लागले. या यशाला दुसरीही बाजू होती. ज्यांनी वर्षानुवर्षे कप्प्या बनविण्याची कला हातात मुरविली होती, त्यांच्या कसबाची गरज राहिली नाही. यंत्र आले, की जुने काम जाते आणि नवे काम शिकावे लागते, हा अनुभव पुढे जगातील सर्वच देशांना आला. मॉडस्लेची ती यंत्रे मात्र इतकी मजबूत होती, की त्यांपैकी काही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालत होती.

या कामाने त्याला धन आणि लौकिक दोन्ही मिळाले. 1810 साली त्याने लंडनच्या लँबेथ भागात मोठा कारखाना उभारला. जोशुआ फील्ड हा हुशार सहकारी पुढे त्याचा भागीदार झाला. आगबोटींची एंजिने हे या कारखान्याचे मुख्य काम बनले. 1825 साली ‘एंटरप्राइझ’ नावाची आगबोट शिडे आणि वाफ या दोहोंच्या साहाय्याने इंग्लंडहून कलकत्त्यास आली. इंग्लंडहून हिंदुस्थानात आलेली ती पहिली आगबोट. तिची एंजिने मॉडस्लेच्या कारखान्यात घडलेली होती. थेम्स नदीच्या तळाखालून बोगदा खणण्याचे धाडस ब्रुनेलने त्याच वर्षी आरंभिले. खणणाऱ्या मजुरांवर माती कोसळू नये म्हणून लागणारा प्रचंड लोखंडी सांगाडाही मॉडस्लेच्याच कारखान्याने करून दिला.

कारखाना मोठा झाला, तरी मालकाची दृष्टी बारीकच राहिली. तो उंच आणि धिप्पाड होता, पण हातात कानस घेतली, की त्याचे हात कमालीचे हलके चालत. काम करणाऱ्यांच्या बाकांवर त्याने अगदी सपाट अशा धातूच्या पाट्या ठेवविल्या होत्या. आपण केलेला भाग सपाट झाला की नाही, हे कारागिराने त्या पाटीवर ठेवून पाहावे, असा त्याचा नियम होता. अशा पाट्या तीन तीनच्या संचाने घासून तयार करीत. दोनच पाट्या एकमेकींवर घासल्या, तर एक किंचित फुगीर आणि दुसरी तितकीच खोलगट होऊनही त्या एकमेकींशी जुळू शकतात. तिसरी पाटी दोघींशी ताडून पाहिली, की ती चूक लपत नाही. मोजमापासाठी त्याने एक सूक्ष्ममापक बनविला होता. त्यावर इंचाच्या दहाहजाराव्या भागापर्यंत मोजता येई. कारखान्यात मापाविषयी वाद निघाला, की शेवटचा निकाल या उपकरणाचा. म्हणून इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायाधिकाऱ्यावरून त्याला ‘लॉर्ड चॅन्सेलर’ असे नाव पडले होते. त्याच्या निकालापुढे मालकाचेही काही चालत नसे.

मॉडस्लेने आणखी एक कारखाना चालविला असे म्हणता येईल. तो होता माणसे घडविण्याचा. 1829 साली एडिंबरो येथील एका चित्रकाराचा जेम्स नॅस्मिथ नावाचा मुलगा वडिलांबरोबर त्याच्याकडे आला. पूर्वीच्या काही उमेदवारांचा आळस पाहून कंटाळलेल्या मॉडस्लेने उमेदवार घेणे बंद केले होते. तरी पाहुणे म्हणून त्याने दोघांना कारखाना दाखविला. एके ठिकाणी एक मजूर भट्टीतील राख काढीत होता. ते राख काढण्याचे काम मिळाले, तरी मी आनंदाने करीन, असे त्या मुलाने मनापासून सांगितले. मॉडस्लेला ही वृत्ती आवडली. मुलाने स्वतः बनविलेले वाफेच्या एंजिनाचे छोटे नमुनेही त्याने पाहिले आणि त्याला आपला खास साहाय्यक नेमले. याच नॅस्मिथने पुढे वाफेवर चालणारा प्रचंड हातोडा निर्माण केला. जोसेफ व्हिट्वर्थ हाही तरुणपणी मॉडस्लेच्या कारखान्यात काम करून गेला. 1841 साली सर्व देशात स्क्रूचे आटे एकाच मापाचे असावेत, अशी योजना त्याने मांडली व ती मान्य झाली. रिचर्ड रॉबर्ट्स आणि जोसेफ क्लेमेंट हे नामवंत यंत्रशिल्पीही त्याच्याच तालमीत तयार झाले होते. अचूकतेचा जो मंत्र मॉडस्लेने स्वतः आचरला, तो या शिष्यांनी देशभर नेला.

उतारवयात त्याला आकाशदर्शनाचा छंद लागला. स्वतःच्या हातांनी एक मोठी दुर्बीण तयार करावी, अशी त्याची इच्छा होती. ती मात्र अपुरी राहिली. 1831 सालच्या आरंभी फ्रान्समधील एका मित्राला भेटून परतताना, समुद्र ओलांडीत असता त्याला कडक थंडी बाधली. त्या दुखण्यातून तो उठला नाही. 14 फेब्रुवारी 1831 रोजी त्याचा अंत झाला. ज्या वूलिचमध्ये त्याने लहानपणी काडतुसे भरली होती, तेथीलच चर्चच्या आवारात त्याचे दफन करण्यात आले. त्याच्या थडग्यावरील स्मारक ओतीव लोखंडाचे होते. एका लोहाराला तेच शोभून दिसले.

त्याच्या मुलांनी आणि भागीदाराने चालविलेला कारखाना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत टिकला. आज तो नाही. परंतु त्याचा लेथ आणि तो ‘लॉर्ड चॅन्सेलर’ लंडनच्या विज्ञानसंग्रहालयात जपून ठेवलेले आहेत. जेथे जेथे कारखान्यात लेथचे चाक फिरते आणि हत्यार सरळ रेषेत सरकते, तेथे मॉडस्लेने घालून दिलेली वाटच चाललेली असते. ना मोठी विद्या, ना वडिलार्जित धन. आपल्या हातून होणारे काम किंचितही चुकीचे राहू द्यायचे नाही, एवढ्या एका निश्चयाच्या बळावर काडतुसे भरणारा तो पोरका मुलगा यंत्रांना जन्म देणारी यंत्रे घडवून गेला. दुकानातून आणलेला साधा नट बोल्टवर सहज फिरू लागतो, तेव्हा त्या निश्चयाचेच फळ आपल्या हाती असते.